हौदातली करवती

प्रमोदिनीबाईंना सगळी लाइन माई म्हणायची. प्रमोदिनी हे नाव सासरच्या शिकल्यासवरल्या माणसांनी लग्नात ताटातल्या तांदळांवर लिहून दिलेलं. माई स्वतः शहपुऱ्याच्या शाळेत दुसरीपर्यंत गेलेल्या; ते नाव जिभेवर बसायलाच त्यांना अर्धं वर्ष लागलं. पण एकदा बसल्यावर त्यांनी ते असं चालवलं की जबलपूरच्या त्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरांत कोणाचं भांडण, कोणाचं बाळंतपण, कोणाच्या पोरीचं स्थळ, काहीही माईंच्या ओट्यावरून गेल्याशिवाय पुढं सरकत नसे.

नवरा रामराव, कारखान्यातला जुना माणूस, निवृत्त झाले ते फार जगले नाहीत. त्यांच्याबद्दल माई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या. सगळ्या नोकरीत भोंगा वाजला आणि रामराव घरात सापडले, असं कधी झालं नाही. अंगात ताप असो की घरात पाहुणे, भोंग्याच्या आत माणूस फाटकाच्या आत. मुलगा नीलकंठ बापाच्याच कारखान्यात लागला, भरणी खात्यात. आत काय भरतात ते घरी सांगायचं नाही असा नियम होता, आणि माईंना तो नियम फार आवडायचा. शेजारच्या बेबीचा नवरा त्याच कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये होता आणि रोज घरी येऊन आजची भाजी काय होती ते सांगायचा. ज्यांच्याजवळ लपवण्यासारखं काही नसतं ते बडबडतात, असं माई बेबीच्या तोंडावर म्हणायच्या. बेबी हसायची. तिला सवय होती.

असा हा नाकासमोर चालणारा मुलगा, आणि छंद काय, तर पाण्यात गवत लावायचा.

टाकी त्यानं आणि त्याचा जोडीदार विष्णू यानं मिळून केली होती. भंगारातले लोखंडी अँगल, सराफ्याजवळच्या फ्रेमवाल्याकडून कापून आणलेली काच, सांध्यांत पाणी अडवायला भरलेली लांबी. पुढच्या खोलीच्या खिडकीशी, रामरावांच्या लोखंडी ट्रंकेवर ती बसवली, तेव्हा माईंनी विचारलं होतं की आता ट्रंकेतले कपडे काढायला काय मासळीची परवानगी घ्यायची. तळाशी धुतलेली वाळू, वर विहिरीचं पाणी, चारदोन गप्पी मासे. पण मासे नावालाच. नीलकंठचा जीव झाडांत. सुटीच्या दिवशी सायकल काढायचा आणि गावातले तलाव धुंडायचा, एकदा तर मझौलीपर्यंत जाऊन शिंगाड्याच्या तळ्यात गुडघाभर उतरला. ओल्या फडक्यात गुंडाळून काहीबाही आणायचा. तळ्यावरचे शिंगाडेवाले त्या सगळ्याला एकच नाव द्यायचे, सेवार. नीलकंठ मात्र परातीत पाणी घेऊन एकेक काडी वेगळी करत बसायचा.

माई स्वयंपाकघरातून पाहायच्या. मग पाहता पाहता परातीशी येऊन बसायच्या, अर्थात बोलायला. तो इंग्रजी नावं सांगायचा. ती जिभेवर घ्यायला माईंनी साफ नकार दिला आणि आपली नावं ठेवली. लांब, चपट्या, हिरव्या पट्ट्यांची होती ती फीत. ती वाळूखालून दूर्वेसारखी धावायची आणि हातभर पुढं जाऊन नवं पिल्लू काढायची. दुसरीला मूळच नव्हतं, पानं काट्यासारखी दुभंगलेली आणि सगळी काडी झुबकेदार. ते कोल्ह्याचं शेपूट. आणि तिसरी दिसायला नाजूक, काडीभोवती गोल पानांच्या चकत्या एकावर एक. ती ओळखायची खूण नीलकंठनं त्यांना हातानं शिकवली. पान चिमटीत धरायचं आणि टोकाकडून देठाकडं ओढायचं. कड बोटाला खरखरते.

"दिसण्यावर जाऊ नको, माई," तो म्हणाला होता. "पाणी बदललं की झाड रूप बदलते. कड बदलत नाही."

माईंनी पान ओढून पाहिलं. बारीक दाते लागले, जशी सोनाराची करवत. त्या झाडाचं नाव पडलं करवती. पुढं नीलकंठही करवतीच म्हणायला लागला.

एकाहत्तर सालची दिवाळी झाली आणि हवा बदलली. रेडिओवरच्या बातम्या रोज वाढत्या तापाच्या. कारखान्यात आठ तासांच्या पाळ्यांच्या जागी बारा बारा तासांचं काम, आठवड्याची सुटी बंद. सून विभावरी पहिलटकरीण, तिला माहेरी अमरावतीला पाठवायचं ठरलंच होतं. टांग्यात बसताना ती खाली वाकली आणि म्हणाली, "माई, हे जेवायचं विसरतात. तुमच्यावर सोडून जाते."

टांगा वळेपर्यंत माई दारात उभ्या राहिल्या. मग बेबीला म्हणाल्या, "पाहिलं? माझाच मुलगा मलाच सोपवून राहिली."

त्याच आठवड्यात दिवे झाकायचा हुकूम आला. रात्री घराबाहेर उजेडाची रेघ दिसता कामा नये. कारखान्याची वस्ती, त्यामुळं गस्तवाले जास्तच कडक. नीलकंठनं बारा तासांची पाळी करून आल्यावर, झोपेनं डोळे मिटत असताना, पुढच्या खोलीच्या सगळ्या काचांना खळीनं काळा कागद डकवला. दिव्याला पुठ्ठ्याची नळी घातली. दिवसा कागद काढायचा आणि रात्री लावायचा, एवढा दम कोणाच्या अंगात नव्हता. सगळ्या लाइनीनं कागद लावले ते लावलेच. थंडीही होती, खिडक्या तशाही उघडत नव्हत्या.

"टाकीकडं तू पाहजो, माई," तो म्हणाला. "वर आलेली टोकं कापून टाकजो. पिठाची गोळी चिमटीभर, जास्त नको. बाकी ते आपोआप होते."

उजेडाचं तो काही बोलला नाही. इतकी वर्षं टाकी खिडकीशीच होती, उजेड सांगायची वस्तूच नव्हती.

आणि हात. भरणी खात्यातल्या स्फोटकाच्या भुकटीनं माणसांचे हात पिवळे होतात हे माईंना तो कामाला लागला त्या वर्षीच कळलं होतं. साबण लावा, राख लावा, चिंच लावा, रंग जात नाही. पहिल्यांदा पाहून त्या हबकल्या होत्या, तेव्हा विष्णूनं, तो जबलपूरचाच, हिंदी बोलणारा, हसत हसत समजावलं होतं की हा नुसता वरचा रंग. "हाथ पीले चलेंगे, माई. आँख पीली नहीं चलेगी." डोळे पिवळे झाले की कारखान्याचे डॉक्टर माणसाला त्या खात्यातून काढतात, दुसरीकडं बसवतात. त्याच्यासाठी दर आठवड्याला तपासणी असते. माईंनी ऐकलं आणि विसरल्या. लढाईच्या दिवसांत मात्र ते पिवळे हात त्यांना वेगळेच दिसायला लागले. पूर्वी नळावर नीलकंठ हात खिशात घालायचा. आता माईच त्याचे हात धरून बायांना दाखवायच्या.

"नवरदेवाला लागते ना, तशी हळद आहे ही," त्या म्हणायच्या. "माझ्या नीलूला देशानं लावली."

बाया तोंडावर पदर घेऊन ऐकायच्या. ज्यांचे नवरे लाकडाच्या पेट्या ठोकायच्या खात्यात होते त्या जरा खट्टू व्हायच्या. नीलकंठ हात सोडवून घ्यायचा आणि झोपायला जायचा.

तो पहाटे अंधारात निघायचा आणि अंधारात परत यायचा. विष्णू दारात सायकलची घंटी वाजवायचा, हा कपाळाला मफलर गुंडाळून बाहेर. रात्री नळीखालच्या गोल उजेडात दोन घास, कधी तेही नाही. कॅन्टीनमध्ये खाल्लं, म्हणायचा. माईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. लढाईला गेलेलं माणूस घरी येऊन वरणभात मागत नसतं, हा तर घरी येत तरी होता.

टाकीचं काम माईंनी मनावर घेतलं. टोकं कापायच्या आणि परसातल्या हौदात फेकायच्या. भांडी विसळायचा तो जुना दगडी हौद, नळ आल्यापासून पडून असलेला; नालीत सेवार टाकून ती तुंबवायची त्यांची इच्छा नव्हती. दोनतीन आठवडे गेले आणि टाकीतली झाडं रंग बदलायला लागली. आधी फिकी, मग पोपटी, मग चक्क पिवळी. आणि लांब. करवतीच्या चकत्या एकमेकींपासून दूर गेल्या, काड्या सुतासारख्या बारीक होऊन पाण्याच्या वर वर धावायला लागल्या. फीत तर काचेत मावेना.

दुसरं कोणी असतं तर घाबरलं असतं. माई घाबरल्या नाहीत, कारण हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं होतं. नवरात्रात घटाखाली गहू पेरायचे, देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टोपल्याखाली झाकून ठेवायचे, उजेडाची तिरीप लागू द्यायची नाही. नवव्या दिवशी टोपलं उचललं की आत सोनं. जितकी रोपं लांब, जितकी पिवळी, तितकं वर्ष चांगलं. हिरवी निघाली तर बाई निष्काळजी. इथल्या हिंदी बायाही श्रावणात कजलियां अशाच अंधारात वाढवायच्या, त्याही पिवळ्यालाच मान द्यायच्या. त्या वर्षी माईंचा घट वीतभर उंच आणि केळीच्या गाभ्यासारखा निघाला होता, लाइनीत तसा कोणाचा नव्हता. मग आता, घरात मुलगा देशाचं काम करतो आहे, सून भरल्या दिवसांकडं चालली आहे, आणि न पेरता, न मागता टाकीत सोनं उगवतं आहे. ह्याला कौल नाही म्हणायचं तर काय म्हणायचं.

कागदाच्या फटीतून थोडा उजेड येत होता. माईंनी तोही बंद केला. टोपलं टाकीला पुरेना, म्हणून रामरावांचं घोंगडं काढलं आणि टाकीवर चारी बाजूंनी सोडलं.

बेबीला दुपारी बोलावून घोंगड्याचा कोपरा उचलून दाखवलं. बेबीनं हात जोडले. मग म्हणाली, "माई, पण मासे सगळे वर तोंड काढून राहिले. काहून?"

"तू आलीस ते पाहून राहिले," माई म्हणाल्या. पण तिच्या मागं त्यांनी दोन गोळ्या जास्त टाकल्या, भुकेले असतील म्हणून. दुसऱ्या दिवशी मासे आणखीच वर आले. माईंनी आणखी गोळ्या टाकल्या.

नीलकंठला सांगायचं त्यांच्या मनात होतं, पण तो यायचा तो भिंतीला हात धरत यायचा. टाकी घोंगड्याखाली का आहे, हेही त्यानं विचारलं नाही. त्यानं हे न विचारणं जरा नवलाचं होतं. माईंनी नवलाचा विचार पुढं ढकलला.

मार्गशीर्षातला गुरुवार आला. लढाई तेव्हा खरोखरची सुरू झाली होती, वरून विमान गेलं की पोरं मोजायची आणि बाया कान झाकायच्या. माईंनी हळदीकुंकवाला सगळ्या लाइनीला बोलावणं धाडलं. दसऱ्याला घटातली रोपं केसांत खोवतात, तशी ह्या वेळी टाकीतल्या सोन्याची एकेक काडी प्रत्येकीच्या अंबाड्यात खोवायची, असा त्यांचा बेत होता. असा प्रसाद कोणी दिला नसेल.

बाया यायच्या आधी, दुपारी, त्यांनी बाह्या सरकवल्या, घोंगडं काढलं आणि टाकीत हात घातला.

वास आधी आला. गढूळ पाण्याचा नव्हे, सडक्या भाजीचा. त्यांनी करवतीची जुडी धरून ओढली; ती आलीच नाही, बोटांतच विरघळली. शेंबडासारखं काहीतरी हाताला लागलं. फीत धरली तर मुळापासून सुटून आली, आणि मूळ काळं. कोल्ह्याच्या शेपटाचा झुबका तळाशी भुगा होऊन पडला होता. वर मासे आ करत होते, एक काचेला टेकून आडवा.

माई तशाच हातानं परसात आल्या. हात धुवायला हौदाशी वाकल्या आणि थांबल्या. हौद कोणीतरी सेवारीनं भरून टाकला होता. दाट, गर्द हिरवी, आखूड, काडीवर चकतीला चकती खेटलेली, पाण्यात ऊन इतकं खोल गेलेलं की तळाच्या काड्याही चमकत होत्या. पहिल्यांदा त्यांना वाटलं, हे बेबीचंच काम. भिंतीवरून घाण फेकायची तिला खोड होती. शिव्या जिभेवर आल्या होत्या.

मग त्यांनी हौदातली एक काडी तोडली. पान चिमटीत धरलं आणि टोकाकडून देठाकडं ओढलं.

खरखर लागली.

त्या आत गेल्या. टाकीतल्या गाळात चाचपून एक काडी काढली, त्यातल्या त्यात धड अशी. पिवळी, पारदर्शक, चकत्यांत बोटबोट अंतर. कोणी दाखवली असती तर दुसरंच झाड म्हणून शपथ घेतली असती. पान फाटेल म्हणून श्वास धरून हळूच ओढलं. खरखर होती, क्षीण, पण तीच. दोन्ही करवतीच. जी त्यांनी कचरा म्हणून उन्हात फेकली ती हिरवी, आणि जी सोनं म्हणून झाकून ठेवली ती सडली.

घटातली रोपं नऊच दिवस जगायची असतात. दहाव्या दिवशी ती उपटतात. हे माईंना काय ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. दहाव्या दिवसानंतर त्या रोपांचं काय होतं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, इतकंच.

उरलेले मासे त्यांनी तांब्यानं हौदात सोडले. तोवर बाया आल्या.

माईंनी सगळं रीतसर केलं. पाट मांडले, वाण दिलं. बेबीनं विचारलं, सोनं कुठं आहे. आज नाही, माई म्हणाल्या. एवढ्यावर बेबी गप्प बसली, हेच पुष्कळ. पण तिच्याजवळ गप्प बसण्याचा साठा कधीच मोठा नसायचा. माई तिच्या हाताला हळद लावत असताना ती सहज म्हणाली, "माई, नीलूदादांना बरं नाही काय? आमचे हे सांगून राहिले होते, थाळी जशीच्या तशी परत करतात. रोज."

माईंचं हळदीचं बोट बेबीच्या मनगटावर थांबलं. बेबीचा हात गोरा, त्यावर ती पिवळी रेघ. वरची. पुसली तर निघणारी.

"कॅन्टीनचं जेवण जेवणासारखं असेल तर ना," त्या म्हणाल्या, आणि बोट पुढं नेलं. पण पुढच्या बाईला हळद लावायचीच राहिली. तिनं आपली आपण लावून घेतली.

संध्याकाळी नीलकंठ आला. माई नळीखालच्या उजेडात त्याच्यासमोर बसल्या आणि त्याच्या तोंडाकडं पाहत राहिल्या. त्या उजेडात भिंत पिवळी, ताट पिवळं, त्यांचा स्वतःचा हात पिवळा. काही कळेना. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मुलाला दिवसा उजेडी पाहून महिना होऊन गेला आहे. कारखान्यात बंद खोलीतले दिवे, घरी हा पुठ्ठा, वाटेत अंधार. विभावरीनं सोपवून दिलेलं माणूस त्यांनी एकदाही उन्हात धरून पाहिलं नव्हतं.

त्यांनी काही विचारलं नाही. विचारून तो सांगणाऱ्यांतला नव्हता, त्यांचाच मुलगा. त्यानं भात चिवडला, कॅन्टीनमध्ये खाल्लं म्हणाला. माई अच्छा म्हणाल्या आणि ताट उचललं.

पहाटे तो उठला तेव्हा खुंटीवर बिल्ला नव्हता. फाटकावर बिल्ला दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. त्यानं सदरा झटकला, गादी उलटली, ट्रंकेमागं हात घातला. माई परसाच्या दारात पाटावर बसल्या होत्या, जपाची माळ घेऊन, आणि उठायचं नाव घेत नव्हत्या.

"माई, बिल्ला पाहिला काय?"

"पाहिला."

"कुठं आहे?"

"सुरक्षित आहे. बस."

बाहेर सायकलची घंटी वाजली. माईंनी तिथूनच विष्णूला आवाज दिला, की आज तू पुढं हो, हा येणार नाही. विष्णू सायकल टेकवून आत आला. त्यानं नीलकंठकडं पाहिलं नाही, माईंकडं पाहिलं, आणि ज्या नजरेनं पाहिलं त्यातच निम्मं उत्तर होतं.

"हम तो कब से कह रहे हैं, माई," तो हळूच म्हणाला. "जाँच के दिन ये दूसरे की ड्यूटी पकड़ लेता है।" मग जास्त बोललो असं वाटून सायकल घेऊन निघून गेला.

नीलकंठ संतापला. माईंवर आवाज चढवायची त्याला सवय नव्हती, त्यामुळं तो धड चढेना. लढाई चालू आहे, तिकडं माणसं मरून राहिली, इथं एक हात कमी म्हणजे काय ते तुला समजत नाही, असं तो खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत बोलत होता. माई माळ ओढत होत्या. मग भोंगा वाजला. लांब, पोटातून निघणारा, सगळ्या लाइनीच्या काचा थरथरवणारा.  भोंग्याच्या वेळी त्या घरातला कामाचा माणूस घरात असण्याची ती पहिलीच खेप. माईंनी भिंतीवरच्या रामरावांच्या फोटोकडं मुद्दाम पाहिलं नाही.

भोंगा संपला. तो उंबऱ्यावर बसला. ऊन यायला अजून अवकाश होता. माईंनी चहा केला, त्यानं तो हातात धरून ठेवला. हळूहळू परसाच्या भिंतीवरून ऊन उतरलं, आधी तुळशीवर, मग हौदाच्या काठावर, मग पाण्यात.

"ये इकडं," माई म्हणाल्या.

तो आला. त्यांनी त्याच्यापुढं दोन काड्या धरल्या. एक हौदातली, एक रात्री वाटीत जपून ठेवलेली. ओळख म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर काहीतरी हललं. त्यानं हिरवी नुसती पाहून बाजूला ठेवली, पिवळी घेतली, पान चिमटीत धरून ओढलं.

"करवतीच आहे ही," तो म्हणाला. मग हौदाकडं पाहिलं, दारातून आत झाकलेल्या खिडकीकडं पाहिलं. "उजेड नाही मिळाला हिला. कागद मीच लावला, माई. माझ्या लक्षातच नाही आलं."

"घोंगडं मी घातलं," माई म्हणाल्या. "आता वर पाहा."

"काय?"

"वर पाहा, म्हटलं. उन्हाकडं."

लहानपणी डोळ्यांत काजळ घालताना धरायच्या तशी त्यांनी त्याची हनुवटी धरली आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढली. बुबुळाभोवतीचं सगळं पांढरं पिवळं होतं, ताज्या उगाळलेल्या हळदीसारखं. त्यांनी दुसरा डोळा पाहिला. मग उगाचच पदराचं टोक ओलं करून त्याच्या गालावरून एकदा पुसलं. काही निघालं नाही.

"कधीपासून?"

त्यानं हनुवटी सोडवून घेतली. मग म्हणाला, "डॉक्टर पाहतील तर खात्यातून काढतील. अन् तू तर सगळ्या लाइनीत सांगून बसलीस, देशानं हळद लावली म्हणून. मग मी काय तोंडानं पेट्या ठोकायला जाऊ?"

  हौदात गप्पी फिरत होते, वर यायची त्यांना आता गरज नव्हती. माईंनी कमरेच्या पिशवीतून बिल्ला काढला आणि त्याच्या पिवळ्या तळहातावर ठेवला.

"सांगणारी मी होती," त्या म्हणाल्या. "परत घेणारीही मीच. उठ. चपला घाल."

कारखान्याचा दवाखाना लाइनीच्या दुसऱ्या टोकाला. माई सहसा मागल्या गल्लीनं जायच्या, चिखल कमी म्हणून. त्या दिवशी त्या मधल्या रस्त्यानं निघाल्या, मुलाचा दंड धरून, भर उन्हात, प्रत्येक ओट्यासमोरून. बाया भांडी घासता घासता वर पाहायला लागल्या. ह्या वेळी नीलूदादा घरी कसा, हे प्रत्येकीच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. कोणी विचारायच्या आधी माईच थांबायच्या. पहिल्या घराशी आवाज जरा घोगरा निघाला, दुसऱ्याशी मोकळा झाला, आणि बेबीच्या दाराशी येईपर्यंत तो नेहमीसारखा धारदार होता.

"बेबी, हळद नाही ती. कावीळ आहे. तुझ्या नवऱ्यानं पाहिलं, मी नाही पाहिलं. आता तोंड मिटव आणि ताज्या उसाचा रस कुठं मिळतो ते सांग."

बेबीनं तोंड मिटवलं नाही, पण रस कुठं मिळतो ते सांगितलं, आणि संध्याकाळी स्वतःच लोटाभर घेऊन आली.

डॉक्टरांनी नीलकंठला खात्यातून काढलं, आणि उसाच्या रसाशिवाय पुष्कळ काही लिहून दिलं. आणखी आठवडाभर गेला असता तर, असं काहीसं ते बोलायला लागले होते. माईंनी त्यांना पुरं करू दिलं नाही. परसात, हौदाशेजारी, खाट टाकली. काही दिवसांतच लढाई संपली. लोकांनी कागद टराटरा फाडले, रस्त्यात नाचले. माईंनी आपले कागद पाणी लावून सावकाश काढले, काचा पुसल्या, आणि मग रिकामी टाकी घासायला घेतली.

नवी वाळू धुतली, पाणी भरलं, हौदातली करवती तोडून आणली. नीलकंठ खाटेवरून दारातून पाहत होता. एवढी खोल नको खोवू, तो म्हणाला, पानं वाळूत नको जाऊ देऊ, नुसती काडी. माईंनी त्याच्याकडं पाठ केली आणि पहिल्या दोन काड्या त्यांच्या मनाप्रमाणं खोल खोवल्या. तिसरी मात्र वर ओढून घेतली.

रोज सकाळी ऊन हौदावर आलं की त्या आधी टाकीतलं एक पान पाहायच्या, मग खाटेशी येऊन हनुवटी धरायच्या. पांढरं परत यायला वेळ लागत होता. कडेकडेनं येत होतं.

"दिसते काय काही?" तो विचारायचा.

"हलू नको," माई म्हणायच्या.